ज्याने त्याने आपल्या हाताने

दाराशी एक रांजण होता, कमरेएवढा, खालचा अर्धा भाग सिमेंटच्या ओट्यात बसवलेला. त्याच्यावर दोन फळ्या जोडून केलेले झाकण. झाकणावर तीन स्टीलचे पेले उपडे घातलेले, त्यांतल्या एकाच्या काठाला पोचा. ओट्याशी टेकून ठेवलेला एक हंडा, आणि हंड्याच्या तोंडावर पाणी गाळायचे फडके वाळत टाकलेले. जया खिल्लारे डोंगर चढून आली, बॅग खाली ठेवली, आणि सवयीने तिने हे सगळे पाहून घेतले. सगळे जागच्या जागी होते. फक्त ओटा कोरडा होता.

एप्रिलातल्या शनिवारी दुपारी तो कोरडा असायला नको होता. घाटकोपरला भटवाडीच्या मागून डोंगर चढणाऱ्याला अर्ध्या वाटेवर पहिली सावली लागे ती भाऊराव खिल्लाऱ्यांच्या दाराची. वर राहणारा प्रत्येक जण तिथे थांबून पाणी पिई, उरलेला घोट पायावर ओती आणि पुढे जाई. उन्हाळ्यात ओट्याखाली कायम चिखल असायचा, आणि त्यात कुणाच्या ना कुणाच्या कोंबड्या.

"आली गं माझी बाय!" सोनूबाई पिठाचे हात घेऊनच बाहेर आल्या. "किती वाळलीस!"

"आई, मागच्या महिन्यात पण हेच म्हणालीस. दर महिन्याला वाळत गेले असते तर आज तुला दिसलेही नसते."

"हॉस्टेलात काय घालतात, पुस्तकं? चल, हातपाय धू. अंड्याचा रस्सा केलाय."

खिल्लाऱ्यांच्या घरून कुणी उपाशी गेले, असे डोंगरावर कुणाला आठवत नव्हते. परभणीकडून नोकरी शोधायला आलेल्या कितीतरी पोरांनी मुंबईतली पहिली भाकरी याच खोलीत खाल्ली होती. आता पुण्याहून महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्या जयाचाही तसाच पाहुणचार होई. तिने नको म्हणून ताटावर हात धरला की सोनूबाई हाताच्या कडेने भाकरी सरकवत. जया जेवली. जेवताना तिने विचारले, "आज पाण्याला कुणीच नाही?"

सोनूबाईंनी तवा उलथला. "बाबा आल्यावर त्यांनाच विचार. माझ्या तोंडून नको."

भाऊराव माहुलच्या रिफायनरीत फिटरच्या हाताखाली काम करत. शनिवारी ते लवकर येत. आज आले ते रांजणाचे झाकण उचलून आत बघूनच घरात शिरले. पाणी काठोकाठ होते.

"कधी आलीस?"

"मघाशी. बाबा, काय झालंय?"

ते भिंतीला टेकून बसले. "शेजारीण म्हणाली, खिल्लाऱ्यांच्या रांजणातलं पाणी पिऊ नका."

"कोण, रुक्मिणीकाकू?"

"दुसरी कोण! सोमवारी तिचा पोरगा खेळून आला, झाकण उचललं, तशी ही दारातून ओरडली. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची पोरं वळसा घालून जातात. पोरांमागून मोठे."

"त्यांच्या प्रेमाला टायफॉईड झालाय, आईनं लिहिलं होतं. म्हणून म्हणाल्या असतील."

"टायफॉईड मलाही कळतो. पाणी वाईट असतं तर मी पडलो असतो. तुझी आई पडली असती." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बारा वर्षं पाणी गोड होतं. आता एकाएकी विटाळलं."

हा शब्द जयाने या घरात कधी ऐकला नव्हता. भाऊराव तो वापरत नसत, दुसऱ्यालाही वापरू देत नसत. आज तो त्यांच्याच तोंडून आला.

जया सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन बाजूंनी विचार करायची तिला सवय लागली होती, आणि या वेळी दोन्ही बाजू तिला नकोशा होत्या. बाबांचे म्हणणे खरे असेल तर बारा वर्षे साखरेच्या वाट्या इकडून तिकडे नेणारा शेजार खोटा होता. ते खरे नसेल तर पाण्यात खरोखरच काही होते, आणि ते बाबांच्या दारातले पाणी होते.

ती उठून रुक्मिणीकाकूंकडे गेली.

रुक्मिणी आणि तिचा नवरा धाकू मूळचे कणकवलीकडचे. धाकूची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडली नाही. आता तो मुलुंडला एका कारखान्यावर वॉचमन होता आणि दिवसा झोपे. आज मात्र तो जागा होता, खाटेच्या पायथ्याशी बसून मुलीचे पाय चेपत होता. नऊ वर्षांची प्रेमा खाटेवर होती. तिचे केस कापले होते, त्यामुळे डोळे फार मोठे दिसत होते.

"अगो जया! कधी इलंस? बस गो," रुक्मिणी म्हणाली.

"आजच. प्रेमा, काय गं, माझ्याआधी टक्कल करून घेतलंस?"

प्रेमा थोडी हसली. ताप उतरत होता, पण तिला उठून बसवत नव्हते.

रुक्मिणीने चहा टाकला. पाठमोरीच बोलत राहिली. "तुझो बापूस माझ्याशी बोलणा नाय. समोरसून गेलंय तरी मान वळवता. माझा काय चुकला, सांग? डॉक्टरान सांगितल्यान, उकळल्याशिवाय पाणी देव नको. पोरगो थय पेलो बुडवूक लागलो, माझा काळीज हल्लां, मी ओरडलंय. मी पाण्याक नको म्हटलंय, तुमका नाय."

"हे बाबांना सांगितलंत?"

"ऐकूक तर होयो! आणि खरा सांगू? तेच्यात दिवसभर कोण कोण हात घालता, कोणाक म्हायत?"

ते 'कोण कोण' जयाला टोचले. तिने रुक्मिणीच्या तोंडाकडे पाहिले. तिथे थकवा होता, जागरण होते. आणखी काही असेल तर ते दिसत नव्हते. चहा आला तो घरच्याच कपात, मांडणीवरच्या त्याच ओळीतून काढलेल्या. पण पाणी कुणी विचारले नाही. आजारी मुलीसाठी उकळलेले पाणी मोजकेच असते, म्हणून नसेल विचारले. जया चहा प्यायली. या घरात माणसाची भीती होती की आजाराची, हे त्या चहावरून ठरत नव्हते. चहा उकळलेलाच असतो.

परत येताना तिला लवू दिसला. वरच्या अंगाला राहणारा, रिक्षा चालवणारा, तोंडाने फटकळ आणि मनाने निर्मळ माणूस. गल्लीतल्या लोकांनी रांजणाचे पाणी सोडले तरी त्याने सोडले नव्हते. संडासाकडून येत होता, हातात रिकामा डबा.

"काय जंतूबाई, पुण्याचे जंतू काय म्हणतात?"

"मुंबईच्या जंतूंना नमस्कार सांगितलाय."

"आपले जंतू झकास आहेत, सांग त्यांना. कधी संपावर जात नाहीत!" लवूने डबा ओट्यावर ठेवला, झाकण सरकवले, पेला उचलला आणि रांजणात बुडवला. चार बोटे दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात गेली. तो गटागटा प्यायला, पुन्हा बुडवला, पुन्हा प्यायला. "भाऊरावांचं पाणी म्हणजे अमृत. गल्ली गेली खड्ड्यात."

"लवूदादा, संडासाजवळचा नळ चालू आहे का रे?"

"कुठला! होळीपासून बोंब आहे. डब्यात नेऊ तेवढंच पाणी. चल, येतो."

तो गेला. जया रांजणाकडे बघत उभी राहिली. आत पाणी अजून हलत होते.

संध्याकाळी जेवणाआधी तिने बॅगेतून तपकिरी कागदात गुंडाळलेल्या दोन बाटल्या काढल्या. प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकाने आपापल्या घरच्या पाण्याचे नमुने आणायचे होते. बाटल्या कॉलेजातच निर्जंतुक करून दिल्या होत्या.

"यात पाणी नेऊन तपासणार आहे," ती म्हणाली. "एक गल्लीतल्या नळाचं. दुसरं रांजणाचं नेऊ का?"

"मला का विचारतेस?"

"रांजण तुमचा आहे."

भाऊरावांनी एक बाटली हातात घेतली, दिव्यापुढे धरली. "काय दिसतं त्यात?"

"माणसाच्या पोटात राहणारे जंतू असतात. ते पाण्यात सापडले तर समजायचं, घाण कुठून तरी पाण्यात पोचते. मग टायफॉईडही त्याच वाटेनं पोचू शकतो."

"किती असले तर चालतात?"

"एकही नको. शंभर मिलिलिटरमध्ये दहाच्या वर गेले तर ते पाणी पिऊ नये."

"आणि घाण येते कुठून? मी स्वतः गाळून भरतो. दर रविवारी घासतो."

जयाने लवूचे नाव घेतले नाही. "हातांवरून," ती म्हणाली. "संडासाजवळ नळ नाही, लोक तसेच येतात. पेला बुडवला की बोटं बुडतात. दिवसातून शंभर हात. कुणाचेही. माझाही."

सोनूबाईंचे लाटणे थांबले. 

"मग करायचं काय?" सोनूबाईंनी विचारले.

"एका माणसानं साबणानं हात धुवायचे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढून द्यायचं. येणाऱ्यानं फक्त पेला पुढे करायचा."

"म्हणजे वरून ओतायचं," भाऊराव म्हणाले.

"हो. वरून."

ते उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. जयाला ठाऊक होते ते काय बघत आहेत. तिने ती गोष्ट एकदाच ऐकली होती, दहावीचा निकाल लागला त्या दिवशी. भाऊराव तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. बापाबरोबर बाजाराला चालत निघाले होते, जिंतूरच्या वाटेवर. एका घरापुढे बापाने पाणी मागितले. बाई ओसरीवर आली, तांब्या वर धरला, आणि बापलेकांनी खाली उकिडवे बसून ओंजळ केली. तांब्या उंच होता. पाणी ओंजळीत कमी पडले, कोपरांवरून शर्टात जास्त गेले. मुलाने अजून मागितले तेव्हा बाई म्हणाली, अजून किती सांडवशील. एवढीच गोष्ट होती. मुंबईत खोली बांधल्यावर पहिल्याच आठवड्यात भाऊरावांनी रांजण आणला आणि नियम केला: इथे कुणी कुणाला पाणी ओतून द्यायचे नाही, ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचे. डोंगरावर ब्राह्मण भटजी येई, मुल्ला येई, कोकणातले मराठे येत, भंगी येई. सगळे पेला बुडवत. भाऊराव खाटेवर बसून ते बघत.

"ओंजळीत नाही हो," सोनूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पेल्यात ओतायचं."

"पेल्यात ओतलं तरी देणाऱ्याचा हात वरच राहतो."

"मग तोटी बसवा. फिटरच्या हाताखाली राबता ना एवढे!"

"भाजलेल्या मातीला आता भोक पाडलं की तडा जाईल." ते वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हात दाराची चौकट घट्ट धरून होता. "आणि कशासाठी पाडू? पाणी वाईट आहे हे अजून कुणी दाखवलंय? ने. दोन्ही ने. चांगलं निघालं तर मी रुक्मिणीच्या दारात जाऊन विचारणार, बारा वर्षांनी काय झालं म्हणून. सगळ्यांदेखत विचारणार."

"आणि वाईट निघालं तर?"

समोरच्या खोलीतून प्रेमाचा खोकला ऐकू आला. भाऊरावांनी तिकडे पाहिले. ही मुलगी चालायला लागली तेव्हा पहिल्यांदा याच ओट्याला धरून उभी राहिली होती. तिला पेला पोचत नसे, म्हणून भाऊराव तिला उचलून रांजणावर धरत आणि ती दोन्ही हातांनी पेला बुडवी.

"तर ती..." ते म्हणाले, आणि थांबले.

"बाबा, आकडा वाईट आला तरी प्रेमाला इथूनच झाला, असं म्हणता येत नाही. शाळेत पाणी पिते, गाडीवर बर्फाचा गोळा खाते."

"आणि आकडा चांगला आला तर रुक्मिणीच्या पोटात काय होतं ते कळेल?"

"नाही."

"मग तुझं शास्त्र कशाला उपयोगी?"

"पाण्यात काय आहे तेवढं सांगतं."

भाऊरावांनी मान हलवली. ती मान्य म्हणून की नाही म्हणून, हे जयाला कळले नाही.

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी नळ आला. बायकांच्या रांगेत जया पुढे गेली तेव्हा कुणीतरी ओरडले, "ए, नंबर लाव ना!" पण नळाच्या तोंडावरचे जंतू मरावेत म्हणून तिने स्पिरिटचा बोळा पेटवून त्याला लावला तेव्हा सगळी रांग गप्प झाली. ज्वाळा विझली. तिने थोडा वेळ पाणी वाहू दिले, त्यावर मात्र पुन्हा आरडाओरड झाली, आणि मग पहिली बाटली भरली.

दुसरी दुपारी भरायची होती, रांजण सकाळपासून वापरात आल्यावर. पण वापर नव्हताच. लवू आला, दोन फेरीवाले आले, वरच्या वस्तीतली चार-पाच माणसे आली. रोजच्या मानाने काहीच नाही. जयाने मनगटापर्यंत हात साबणाने धुतले, मग स्पिरिटने पुसले, वाळू दिले. बाटली बुडाकडून धरली. भाऊराव शेजारी उभे राहून बघत होते.

"एवढा हात धुतलास?"

"धुवावाच लागतो. नाहीतर माझ्या हातावरचे जंतू मोजले जातील."

भाऊराव आपल्या हातांकडे बघत राहिले. तळव्यांच्या रेषांत ग्रीस होते, कधीच न जाणारे. सकाळी रांजण त्यांनीच भरला होता. तिने बाटली पाण्यात उलटी नेली, आत गेल्यावर तिरकी केली. बुडबुडे आले, थांबले. तिने बूच लावले.

समोर रुक्मिणी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणाला ठाऊक. भाऊरावांची आणि तिची नजरानजर झाली. कुणी मान वळवली नाही. मग प्रेमाने आतून हाक मारली आणि रुक्मिणी गेली.

भाऊरावांनी झाकण लावले. तिन्ही पेले उचलून घरात नेले. झाकणावर एक दगड ठेवला.

"हे काय?" सोनूबाई म्हणाल्या.

"कळेपर्यंत बंद."

"आणि येणारी माणसं? या उन्हात तहानलेली परत धाडू?"

"चहा कर."

"सगळ्यांना?"

"जो येईल त्याला. बसवायचं, द्यायचा."

"अख्ख्या डोंगराला चहा पाजा आता! रॉकेल काय तुमच्या रिफायनरीतून खिशात घालून आणणार आहात?" असे म्हणत सोनूबाईंनी मोठे पातेले काढले. उन्हे कलेपर्यंत त्यांच्या स्टोव्हला उसंत नव्हती. पाणी प्यायला थांबलेला लवू चहा पिऊन गेला आणि वर जाऊन त्याने सगळ्यांना सांगितले, की खिल्लाऱ्यांकडे काहीतरी आहे, बारसं की काय, चला. बरीच माणसे आली. त्यांच्यात वळसा घालून जाणारेही होते. भाऊराव प्रत्येकाला आत बसवत आणि कप हातात देत. द्यायला ते वाकत, कप बसलेल्याच्या हाताच्या पातळीवर आणून मग सोडत. जयाने ते आधी कधी लक्षात घेतले नव्हते.

एकाने विचारले, "रांजणावर दगड कशाला, भाऊराव?"

"पाणी तपासायला दिलंय," भाऊराव म्हणाले. "माझ्या मुलीकडे."

संध्याकाळी ते तिला सोडायला डोंगर उतरले. पायथ्याच्या सोडावाल्याकडून बर्फ घेऊन त्यांनी थर्मासमध्ये भरला. बाटल्या त्यात नीट बसेनात, म्हणून बर्फ पुन्हा काढून फोडला आणि पुन्हा भरला. फिटरच्या मदतनिसाची सफाई त्या बोटांत होती. स्टेशनच्या पुलाजवळ ते थांबले.

"कधी कळेल?"

"बुधवारी."

"कार्ड टाक." मग थोड्या वेळाने, "जया, मला बरं वाटावं म्हणून आकडा कमी करू नकोस."

"नाही करणार."

"आणि रुक्मिणी वाईट ठरावी म्हणूनही नको."

"बाबा!"

"तुला नाही म्हणत. मी असतो तर केला असता." ते जायला वळले, पुन्हा मागे आले. "दहाच्या वर म्हणालीस ना?"

"हो. दहाच्या वर."

त्यांनी बॅग तिच्या खांद्यावर नीट बसवली आणि चढावाकडे लागले.

सोमवारी सकाळी ती पुण्याला प्रयोगशाळेत पोचली तेव्हा थर्मासमध्ये बर्फाचे तुकडे अजून शिल्लक होते. जयाने प्रत्येक नमुन्यासाठी अकरा नळ्या मांडल्या: पन्नास मिलिलिटर पाणी घालायची एक, दहा मिलिलिटरच्या पाच, एकेक मिलिलिटरच्या पाच. नळ्यांमध्ये जांभळा रस होता आणि प्रत्येकीत एक छोटी नळी उपडी बुडवलेली. जंतू असले तर रस पिवळा होतो आणि त्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. तिने नळ्या सदतीस अंशांच्या उबदार कपाटात ठेवल्या आणि दार लावले.

मंगळवारी तिने कपाट उघडून पाहिले, पण वहीत काही लिहिले नाही. पूर्ण दोन दिवस झाल्याशिवाय लिहायचे नसते.

बुधवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. दोन्ही रॅक खिडकीच्या उजेडात नेऊन ठेवले. नळ्या एकेक करून उचलल्या, प्रत्येक छोट्या नळीचे टोक डोळ्यांसमोर धरून पाहिले. नळाच्या पाण्याच्या अकराही नळ्या जांभळ्या होत्या. रांजणाच्या पाण्याची पन्नास मिलिलिटरची नळी पिवळी होती, वायू होता. दहाच्या पाचही पिवळ्या, पाचांत वायू. एकेकाच्या पाचांपैकी तीन पिवळ्या, तिन्हींत वायू, दोन जांभळ्या. तिने सगळ्या नळ्या पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. मग भिंतीवरच्या तक्त्यात एक, पाच, तीन ही ओळ शोधली, बोट आडवे शेवटच्या रकान्यापर्यंत नेले, आणि लिहिले:

नळ, शंभर मिलिलिटरमध्ये: शून्य.

रांजण, शंभर मिलिलिटरमध्ये: नव्वद.